तपासनिसांच्या गाडीतला वीजचोर

चोरी होत होती, याबद्दल तपासनिसांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली, की किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक्' व्हायचं. दुसऱ्यांदा फिरवली, की त्याहून बारीक 'टक्'. तिसऱ्यांदा तेही नाही. म्हणजे बॅटरीतली वीज कुठेतरी जात होती. वीज आपल्या पायाने जात नाही, तिला कोणीतरी नेतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बावीस वर्षं त्यांनी वीज कंपनीच्या तपासणी विभागात दुसरं केलं काय होतं? लोकांच्या मीटरमागे हात घालून चोरटी तार ओढून काढायची, समोरच्याला घाम फुटेपर्यंत बघत राहायचं आणि मग शांतपणे कागद काढायचा. एका गिरणीवाल्याने जमिनीखालून नेलेली तार त्यांनी नुसत्या मातीच्या रंगावरून ओळखली होती. ही हकिकत वसाहतीतल्या प्रत्येक माणसाने किमान चार वेळा ऐकली होती, आणि पाचव्या वेळेला लोक लिफ्टऐवजी जिन्याने जाऊ लागले होते.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीतून वीजचोरी! हा प्रकार साधा नव्हता. हा सरळसरळ अपमान होता.

आता, तपासनीस बेसावध होते म्हणावं तर तसंही नाही. त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांची नवी कोरी स्टेपनी गॅरेजमध्ये बदलली गेली, निदान मॅनेजरांचं म्हणणं तरी तसं होतं. ते ऐकल्याबरोबर तपासनिसांनी त्याच संध्याकाळी कार्यालयातली बाद झालेली सीलची पक्कड घरी आणली. डिकीतली स्टेपनी, जॅक आणि हत्यारांची पिशवी अशा तिन्हीतून तार ओवली, बाजूच्या पत्र्यात एक सोयीस्कर भोक होतं त्यातून ती करकचून ताणून घेतली आणि वर शिशाचं सील ठोकलं. शेजारी चिठ्ठी चिकटवली: 'सील तोडणे हा गुन्हा आहे.'

"आणि पंक्चर झालं तर?" बायकोने विचारलं होतं.

"तर मी रीतसर सील काढीन."

बायको सार्वजनिक वाचनालयात काम करायची. तिथे कोणी कुजबुजायला लागलं की ती मान वर करून फक्त एकदा बघायची, आणि कॉलेजातली दांडगी पोरंसुद्धा पुस्तकात डोकं घालायची. ती नजर घरी मात्र चालत नसे. घरी तिने ती बरीच वर्षं चालवून पाहिली होती.

या गाडीप्रकरणात खरा जीव अडकला होता तो तिचा. पन्नास किलोमीटरवरच्या गावी तिची आई एकटी राहायची. आठ महिन्यांपूर्वी म्हातारीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जायचं तर दोन बस बदलायच्या, त्यातली दुसरी कधी यायची ते चालकालाही माहीत नसायचं. "मी नेतो ना पुढच्या रविवारी," असं तपासनीस दर रविवारी म्हणत, आणि पुढच्या रविवारी नेमकं काहीतरी निघे. शेवटी तिने ठरवलं, आपणच गाडी शिकायची. पन्नाशीला दोन वर्षं उरली असताना.

पहिले पंधरा दिवस तपासनिसांनी स्वतः शिकवलं. म्हणजे ते शेजारी बसून "क्लच! क्लच! अगं क्लच!" असं ओरडत, आणि ती गाडी बाजूला घेऊन, उतरून, चालत घरी येत असे. सोळाव्या दिवशी तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तपासनिसांना ते फार लागलं. "तिथे काय वेगळा क्लच असतो?" असं ते चार जणांना विचारून आले.

शिकून झालं, परवान्याच्या परीक्षेची तारीख मिळाली, गाडी धक्का मारून सुरू केली, मैदानावर नेली, तपासनिसांनीच नेली, आणि बायकोची पाळी आल्यावर तिने किल्ली फिरवली तर 'टक्'. रांगेतले वीस-बावीस लोक बघत होते. परीक्षकांनी वाट पाहिली, घड्याळ पाहिलं आणि फॉर्मवर लिहिलं: 'गैरहजर'.

"अहो, मी इथे उभी आहे," बायको म्हणाली.

"बाई, गाडी नाही तर उमेदवार नाही. पुढे!"

"गैरहजर?" तपासनीस पुढे सरसावले. "जिवंत माणूस समोर दिसत असताना गैरहजर? कोणत्या नियमाखाली? नियमाचा क्रमांक सांगा!"

अर्धा तास त्यांनी परीक्षकांना सोडलं नाही. परीक्षकांना क्रमांक आठवला नाही, त्यामुळे ते जास्तच चिडले. आणि पुढची तारीख त्यांनी दिली ती थेट तीन आठवड्यांनंतरची, शुक्रवारची. शिकाऊ परवान्याची मुदत शनिवारी संपत होती. म्हणजे शुक्रवार हुकला की पुन्हा पहिल्यापासून सगळं: फॉर्म, फोटो, डोळ्यांची तपासणी, महिनोन्‌महिने वाट. बायको रात्री आईला फोनवर म्हणाली, "येते गं. लवकरच येते." तपासनिसांनी ते ऐकलं आणि त्यांना एकदम कसंतरीच झालं. पण कसंतरी झालं की त्यांना राग यायचा, तसा तो आलाच.

त्या दिवसापासून त्यांनी तपास हाती घेतला.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत न बघता म्हणाला, "बॅटरी गेली." नवी बॅटरी बसवली. चार दिवसांनी 'टक्'. तपासनीस पुन्हा गेले. गॅरेजवाला म्हणाला, "मग चार्जिंग होत नसणार." चार्जिंगचं यंत्र काढलं, धुतलं, पुसलं, परत बसवलं. तीन दिवसांनी 'टक्'. तपासनीस तिसऱ्यांदा गेले तेव्हा गॅरेजवाला आडोशाला गेला आणि तिथूनच ओरडून म्हणाला, "साहेब, काही गाड्या असतातच अशा!"

काही गाड्या असतातच अशा! तपासनीस जर कधी एखाद्या ग्राहकाला म्हणाले असते, की काही मीटर असतातच असे, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं असतं.

मग नवी बॅटरी वॉरंटीत बदलून मागायला ते तिच्या विक्रेत्याकडे गेले. तिथल्या काउंटरवरच्या माणसाने बॅटरी आत नेली, दुसऱ्या दिवशी या म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बॅटरी उत्तम आहे."

"उत्तम? ती मेलेली होती!"

"हो, ती मेलेली आणलीत. आम्ही रात्रभर चार्ज केली आणि मग तपासली. उत्तम आहे."

"अहो, चार्ज केल्यावर ती चांगलीच निघणार ना!"

"म्हणजे चांगली आहे, हे तुम्हीच म्हणताय."

"चार्ज न करता तपासा!"

"तसं चालत नाही साहेब. मेलेल्या बॅटरीचं रीडिंग येत नाही. रीडिंग नाही तर रिपोर्ट नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच तपासनिसांना काउंटरच्या अलीकडे उभं राहिलं की कसं वाटतं याची थोडी कल्पना आली, पण त्यांनी तो विचार तिथेच झटकून टाकला.

वसाहतीत तोवर बातमी पसरली होती. गाडी ढकलायला लोक लागायचे, त्यामुळे ती लपणंही शक्य नव्हतं. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली, 'वाहने ढकलण्यासाठी सदस्यांना परस्पर हाक मारू नये', आणि कोणाचंही नाव न लिहिता ती बरोबर तपासनिसांच्या गाडीसमोरच्या खांबावर लावली. निवृत्त मॅनेजर सल्ला द्यायला रोज खाली येऊ लागले. "आम्ही बँकेत काय करायचो? रोज संध्याकाळी तिजोरी बंद. तसं तुम्ही रोज बॅटरीची एक केबल काढून ठेवा. प्रश्नच मिटला."

"मॅनेजरसाहेब, घरात चोर शिरतो म्हणून मी रोज घराचा दरवाजा काढून ठेवू का?"

"ते वेगळं," मॅनेजर म्हणाले.

तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे आणि त्यांचा दवाखानाही तिथेच होता. ते म्हणाले, "साहेब, कीड वरून दिसत नाही. मुळाशी जायला हवं. मला विचाराल तर एकेक तपासत जायचं, ठोकून. कुठे दुखतं ते कळतं."

मॅनेजरांचं बोलणं तपासनिसांना कधीच पटत नसे, पण हे मात्र पटलं. कारण त्यांच्या कार्यालयाची पद्धतही हीच होती! मोठ्या इमारतीत वीज कुठे गळते ते शोधायचं, तर मुख्य तारेवर मीटर लावायचा आणि एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला मीटरचा काटा पडला, तिथे चोर. इतके दिवस आपण हे केलं का नाही, या विचाराने ते स्वतःवरसुद्धा संतापले, पण फार वेळ नाही.

शुक्रवारी सकाळी साडेआठला त्यांनी आपल्याच गाडीवर छापा घातला. अंगावर इस्त्रीचे कपडे, हातात कार्यालयाचा मीटर, बगलेत पंचनाम्याचे कोरे कागद. पंच दोन: निवृत्त मॅनेजर आणि दातांचे डॉक्टर. डॉक्टरांच्याच चार्जरने आदल्या दिवशी बॅटरी भरून ठेवली होती.

"आज नको ना हे," बायको गॅलरीतून म्हणाली. "अकराला परीक्षा आहे. गाडी सुरू होतेय, तेवढं मला पुरे आहे."

"आणि मैदानावर पुन्हा दगा दिला तर? चोर गाडीत घेऊन परीक्षेला जाणार आहेस?"

"सव्वादहाला मी खाली येणार," ती म्हणाली. "तुमचा चोर सापडो नाहीतर न सापडो." आणि आत गेली.

बॉनेट उघडून झाल्यावर तपासनिसांनी गाडीचे चारी दरवाजे लावून कुलूपबंद केले, किल्ली खिशात टाकली. तपासणीच्या जागी ये-जा नको, हा नियमच होता. केबल सोडवून मध्ये मीटर जोडला. काटा अर्ध्या अँपिअरजवळ जाऊन थांबला.

"बघा!" तपासनीस गरजले. "गाडी बंद, दिवे बंद, माणूस नाही, आणि एवढी वीज चाललीय! लिहा मॅनेजरसाहेब."

मॅनेजरांनी लिहिलं. त्यांचं अक्षर सुंदर होतं, पण ते एक ओळ लिहायला पाच मिनिटं घेत. एक नंबरचा फ्यूज काढला, काटा हलला नाही. दोन, तीन, चार, काहीच नाही. डॉक्टर प्रत्येक फ्यूज आपल्या दात काढायच्या सवयीने नाजूकपणे हलवून काढत आणि "झालं, झालं," असं फ्यूजला म्हणत. चौदा नंबरचा फ्यूज निघाला आणि काटा धाडकन शून्यावर पडला.

तिघांनी गाडीच्या पुस्तकात बघितलं, तर चौदा नंबरवर आतले दिवे, घड्याळ आणि डिकीचा दिवा. फ्यूज परत बसवून काचेतून पाहिलं, आतले दिवे बंद होते. घड्याळ बिचारं एवढी वीज खाणार नाही.

"म्हणजे डिकीचा दिवा," डॉक्टर म्हणाले. "पण तो डिकी बंद केली की विझतो ना?"

"असं कोण म्हणतं?" तपासनिसांचे डोळे बारीक झाले. "पाहिलंय कोणी? झाकण उघडलं की तो लागलेला दिसतो. लावल्यावर तो विझतो, हे सगळं जग नुसतं धरून चाललंय! मी बावीस वर्षांत काहीही धरून चाललो नाही."

"मग बघायचं कसं?" मॅनेजरांनी विचारलं. "आत बसून?"

हे ते थट्टेने म्हणाले होते. पण तपासनिसांनी मीटर सोडवला, केबल परत घट्ट बसवली, बॉनेट लावलं, किल्लीने डिकी उघडली, किल्ली शिस्तीत परत खिशात टाकली आणि इस्त्रीच्या पँटची घडी सांभाळत आत चढले. स्टेपनीला वळसा घालून कुशीवर झोपले, गुडघे हनुवटीला लावले.

"लावा झाकण."

मॅनेजरांनी धाडकन झाकण आपटलं, आणि दिवा चालूच राहिला. पिवळा, मंद, निर्लज्ज.

"सापडला!" तपासनीस आतून ओरडले. "रंगेहाथ पकडला! लिहा, वेळ दहा वाजून बारा मिनिटं! उघडा आता."

बाहेरून झाकण दोन-तीनदा ओढून पाहिल्याचा आवाज आला.

"किल्ली?" मॅनेजरांनी विचारलं.

"माझ्या खिशात."

"आणि दुसरी?"

"बायकोच्या पर्समध्ये. फोनही वरच आहे माझा. अहो, जा ना वर, बघत काय राहिलात!"

मॅनेजर तिसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "तोवर मी माझी बारीक हत्यारं आणतो, कुलूपच आहे शेवटी," आणि दवाखान्याकडे धावले. तपासनीस एकटे राहिले. हवेचा प्रश्न नव्हता. डिकीच्या रबराची पट्टी एका बाजूने सुटली होती आणि तिथून चांगलं वारं येत होतं. त्या पट्टीबद्दल त्यांनी गेल्याच महिन्यात कंपनीला दोन पानी तक्रार लिहिली होती.

त्या दिव्याच्या उजेडात त्यांनी गुन्हेगाराचं नीट निरीक्षण केलं. दिव्याचं बटण एका पत्र्याच्या पट्टीवर बसवलेलं होतं. झाकण लागलं की ते बटण दाबलं जायला हवं. पण पट्टी खाली वाकली होती, आणि झाकण बटणापर्यंत पोचत नव्हतं. का वाकली होती? कारण तिच्या भोकातून एक तार जात होती. करकचून ताणलेली. तार स्टेपनीकडे, जॅककडे, हत्यारांच्या पिशवीकडे गेली होती, आणि तिच्या टोकाला शिशाचं एक सुबक सील होतं. सीलशेजारी त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती.

तपासनिसांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग डोळे मिटून घेतले. मॅनेजर लिहिणार! पाच मिनिटं घेऊन, सुंदर अक्षरात लिहिणार!

एवढ्यात गाडीचा दरवाजा उघडला आणि लागला. मॅनेजर लिफ्टने वर जात असताना बायको जिन्याने खाली आली होती, आणि खाली कोणीच नव्हतं.

"गेले वाटतं तिघं चहाला," तिचं पुटपुटणं मागच्या सीटमधून अंधूक ऐकू आलं. "बरंच झालं."

"अगं, मी इथे आहे!" तपासनीस ओरडले. पण त्याच क्षणी इंजिन सुरू झालं. गाडी हलली. तपासनिसांनी झाकणावर मुठी मारल्या. मग गाडीने वळण घेतलं, ते स्टेपनीवर घरंगळले आणि पंधरा दिवसांच्या शिकवणीच्या सवयीने तोंडातून निघून गेलं: "क्लच! अगं क्लच!"

"ही स्टेपनी फारच खडखडते बाई," बायको पुढून मोठ्याने म्हणाली, आणि गाडी रस्त्याला लागली.

पहिली पाच मिनिटं ते नुसते संतापत होते. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या डिकीत, सामानासारखं! पण संतापायला आत जागा फार कमी होती. हळूहळू त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. तपासनीस माणूस, त्यांना चुका शोधायची सवय. त्यांनी कान लावून चुका शोधायला सुरुवात केली. गिअर पडला, तो आवाज न करता. सिग्नलला गाडी थांबली, ती धक्का न देता. मागून कोणी हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि ही घाबरली नाही, घाई केली नाही. खड्डा आला तिथे वेग आधीच कमी झाला. पंधरा मिनिटांत त्यांना एकही चूक सापडली नाही. त्याचाही त्यांना राग आला.

गाडी थांबली. काच खाली गेली. आणि मग तो आवाज आला, तीन आठवडे त्यांच्या कानात घुमत असलेला.

"आज गाडी आहे ना बाई? बरं. गाडीत उमेदवार आणि परीक्षक. तिसरं माणूस आढळलं तर परीक्षा रद्द. नियम क्रमांक अकरा." परीक्षकांनी शेजारी बसून दरवाजा लावून घेतला. "मागच्या वेळी एक गृहस्थ क्रमांक विचारत होते, म्हणून मी सगळे पाठ केलेत. कोण होते ते? आज नाही आले?"

तपासनिसांनी ओरडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

बायकोने मागचा आरसा नीट केला. "आज ते मागेच राहिले," ती म्हणाली.

"छान झालं. असले लोक घरीच बरे. उगाच दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं आणि स्वतःचं धड..."

आयुष्यात तपासनिसांनी असं एक वाक्य कधी ऐकून घेतलं नव्हतं. झाकणावर एक मूठ मारायची, आणि या माणसाला काय ते ऐकवायचं, बस! नियम अकरा काय, नियम एकशे अकरा ऐकवले असते. मूठ वर गेलीसुद्धा. पण मूठ मारली की बायकोची परीक्षा गेली. उद्या मुदत संपते. मग पुन्हा फॉर्म, फोटो, महिने, आणि ते फोनवरचं "येते गं". तपासनिसांनी मूठ उघडली आणि तोच हात आपल्या तोंडावर दाबून धरला. डाव्या पायात गोळा आला होता. डोळ्यांत पाणी आलं ते गोळ्याने आलं, असं ते पुढे सांगत.

गाडी आठच्या आकड्यात फिरली. मागे आली. अरुंद जागेत उभी राहिली. मग चढावर गेली.

"इथे बंद करा," परीक्षक म्हणाले. "आता पुन्हा सुरू करून वर चला."

किल्ली फिरली. घर्र, घर्र, आणि आवाज बसला. तपासनिसांच्या समोर तो दिवा जळत होता, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या बायकोची वीज पीत होता. पक्कड हवी होती. पक्कड पिशवीत होती, आणि पिशवी सीलबंद होती. त्यांनी तार बोटात धरली आणि मागेपुढे, मागेपुढे वाकवायला सुरुवात केली. बोट कापलं. तार तुटली. अंगठ्याने त्यांनी ती पट्टी वर ढकलली, बटण झाकणाला टेकलं आणि डिकीत मिट्ट काळोख झाला.

पुढे किल्ली पुन्हा फिरली. घर्र, घर्र, घर्रर्र, आणि इंजिन लागलं. गाडी एक बोटभरही मागे न घसरता चढ चढून गेली.

एवढ्याशा दिव्याने काय फरक पडतो, असं कोणी वीजतज्ज्ञ म्हणेल. म्हणू दे. तो त्या वेळी डिकीत नव्हता.

"उत्तीर्ण," परीक्षक म्हणाले. "हात छान आहे तुमचा. कोणी शिकवलं?"

बायकोने काय उत्तर दिलं ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

वसाहतीत गाडी परतली तेव्हा रिकाम्या जागेपाशी मॅनेजर आणि डॉक्टर उभे होते. डॉक्टरांच्या हातात चकचकीत हत्यारांचा ट्रे होता. मॅनेजर कागदावर लिहीत होते: 'सदर गृहस्थ गाडीसह चोरीस गेले असून...'

बायकोने किल्लीने डिकी उघडली. तपासनीस बाहेर आले तेव्हा पँटला घडी उरली नव्हती, केसांत कार्पेटचे धागे होते आणि हातात तुटलेलं सील होतं.

"तुला... तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"गेटपाशीच कळलं. स्टेपनी कधी 'क्लच' म्हणून ओरडते का?"

"आणि थांबली नाहीस?"

"सव्वादहा होऊन गेले होते. शिवाय..." तिने डिकी लावली, अगदी हळू. "तुम्ही गाडीत आहात आणि बोलत नाही, असं पुन्हा कधी मिळालं असतं मला?"

मॅनेजरांनी पंचनाम्याचा कागद पुढे केला. "साहेब, चोराचं नाव लिहायचं राहिलंय."

"लिहा, सील बसवणाऱ्याचा हलगर्जीपणा."

"कोणी बसवलं होतं सील?"

"ते लिहायची काहीएक गरज नाही!" तपासनीस कडाडले, आणि लंगडत जिन्याकडे गेले.

रविवारी सकाळी बायको पर्स घेऊन दारात उभी राहिली. "मी आईकडे निघाले. येताय?"

"म्हणजे काय, येणारच."

"या. पण शुक्रवारसारखं यायचं."

"डिकीत?" तपासनिसांचा आवाज चढला.

"कुठेही बसा. आवाज तेवढा शुक्रवारचा."

तपासनीस पुढे बसले, पट्टा लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पन्नास किलोमीटर. चार ठिकाणी त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला आणि एका ट्रकला त्यांनी मनातल्या मनात लांबलचक पत्र लिहिलं. तोंडातून मात्र चकार शब्द निघाला नाही.

म्हातारी काठी टेकत फाटकापाशी आली होती. लेकीला गाडीतून चालकाच्या बाजूने उतरताना पाहून ती तिथेच थांबली. काठी भिंतीला टेकवून तिने दोन्ही हातांनी लेकीचा चेहरा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग जावयाकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही असे गप्प का? बरं नाही का वाटत?"

"बरं आहे," तपासनीस म्हणाले.

"कोणी शिकवली हो हिला एवढी गाडी? तुम्हीच शिकवली असणार!"

तपासनिसांचं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, पंधरा दिवसांचा हिशोब तयार होता, क्लचबद्दल एक छोटंसं भाषणही तयार होतं. गाडीपलीकडून बायको त्यांच्याकडे बघत होती, मान किंचित वर करून, वाचनालयात बघते तसं.

"मी नाही," तपासनीस म्हणाले, आणि म्हातारीची काठी उचलून तिच्या हातात दिली.